खंडाळ्याच्या झाडांची यादी करणारे फादर सांतापाव

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषय दिला होता, आपल्या परिसराशी नातं असलेली एखादी मोठी व्यक्ती. लोणावळ्यात अशा नावांना तोटा नाही. कैवल्यधाम उभं करणारे स्वामी कुवलयानंद तर सगळ्यांना ठाऊक आहेत आणि त्यांच्यावर पुष्कळ लिहूनही झालंय. म्हणून मी जरा वेगळं नाव घेतो. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या माणसासमोर हे नाव काढलं तर तो सावरून बसतो. आपल्याकडे, म्हणजे ज्या डोंगरावर त्यांनी वर्षानुवर्षं पायपीट केली तिथे, त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. १९५३ साली त्यांचं एक पुस्तक निघालं, विषय होता खंडाळ्याची वनस्पतिसृष्टी. आपल्या दारातलं गवतसुद्धा त्यात मोजलेलं आहे.

फादर मूळचे स्पेनचे. तारागोना प्रांतातल्या ला गालेरा नावाच्या लहान गावी ५ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. तो कोरडा, ऑलिव्हच्या बागांचा मुलूख. आपल्याकडे एका पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो; असला पाऊस त्या मुलाने स्वप्नातही पाहिला नसणार. लहान वयातच ते जेझुइट संघात, म्हणजे येशूसंघात, दाखल झाले. आता स्पेनचा पादरी मुंबईत का आला, तर त्यामागे पहिलं महायुद्ध आहे. त्याआधी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात जर्मन आणि स्विस जेझुइट असत. युद्धात इंग्रज सरकारने जर्मन पादऱ्यांना घालवून दिलं, आणि पुढे मुंबईचं काम स्पेनच्या जेझुइटांकडे सोपवण्यात आलं. इतिहास संशोधक फादर हेरास आले ते याच वाटेने. त्यांच्यामागून १९२८ साली सांतापाव आले.

मग ते परत युरोपात गेले, ते शिकायला. लंडन विद्यापीठातून त्यांनी वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी. आणि पुढे डॉक्टरेट मिळवली. पिरेनीज आणि आल्प्सच्या डोंगरांत हिंडून झाडं गोळा केली. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या हर्बेरियममध्ये काम केलं.

हर्बेरियम म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं, कारण या माणसाचं सगळं आयुष्य त्याच्याभोवती फिरलं. फुलाफळासकट एक फांदी तोडायची किंवा लहान झाड असेल तर मुळासकट उपटायचं. ते कागदात घालून दोन फळ्यांमध्ये आवळून दाबायचं. ओल शोषली की कागद बदलायचा, पुन्हा आवळायचं. पूर्ण वाळलं की जाड कागदावर टाके घालून किंवा चिकटवून बसवायचं, आणि खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची : कुठे मिळालं, कधी, कुणी तोडलं, फुलाचा रंग कोणता होता. असे हजारो कागद कपाटात कुळांप्रमाणे रचून ठेवले की झालं हर्बेरियम. ऐकायला सोपं वाटतं. पण जुलै महिन्यात खंडाळ्याला हे करून पाहा! इथे आपल्या कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, पापड मऊ पडतात, भिंती पाझरतात. अशा हवेत पाण्याने थबथबलेला तेरडा किंवा रानहळद न कुजवता वाळवायची म्हणजे काम येरागबाळ्याचं नव्हे. रोजच्या रोज, कधी दिवसातून दोनदा, कागद बदलत बसावं लागतं.

१९४० साली सांतापाव परत आले आणि झेवियर्समध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक झाले. कॉलेजात त्यांच्याआधी एक मोठा माणूस होऊन गेला होता, फादर ब्लॅटर. हे स्विस. पाम, गवतं, वाळवंटातली झाडं अशा अनेक विषयांवर त्यांनी लिहिलं आणि १९३४ साली ते वारले. त्यांनी आणि मिलार्ड यांनी मिळून लिहिलेलं भारतातल्या सुंदर झाडांवरचं रंगीत चित्रांचं पुस्तक १९३७ साली निघालं, आणि ते अजून लोक हौसेने घेतात. झेवियर्समधला वनस्पतींचा संग्रह आज ब्लॅटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो. सांतापाव यांनी तो सांभाळला आणि भरपूर वाढवला.

जेझुइटांची खंडाळ्याला जागा होती. व्हिला म्हणतात तिला. कॉलेजची मुलं शिबिराला येतात ती तिथेच. मुंबईहून गाडीत बसलं की घाट चढून दोन-तीन तासांत माणूस खंडाळ्याला. अभ्यासाला याहून सोयीची जागा मुंबईकर वनस्पतिशास्त्रज्ञाला कुठली मिळणार? १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर आली तेव्हापासून झाडं गोळा करणारे लोक इथे उतरत आलेत. पण त्यांतले बरेचसे एकदा येत, मिळेल ते तोडून नेत आणि निघून जात. फादर सांतापाव यांचं वेगळेपण इथेच आहे. ते त्याच डोंगरावर पुन्हा पुन्हा आले. पावसाळ्यात आले, दिवाळीत आले, उन्हाळ्यात आले. झाडाला पान फुटताना, फूल येताना, फळ धरताना आणि वाळून जाताना पाहायचं असेल तर दुसरा उपाय नाही.

त्यांच्या हातात जुना आधार होता तो थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोराचा. फ्लोरा म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या सगळ्या वनस्पतींची वर्णनासकट यादी. हे कुकसाहेब पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य. निवृत्त होऊन विलायतेला गेल्यावर त्यांनी हा ग्रंथ लिहिला आणि १९०१ ते १९०८ च्या दरम्यान तो भागाभागाने निघाला. त्यात झाडांची मराठी नावंही दिलेली आहेत. ती अर्थात डोंगरातल्या माणसांकडूनच मिळालेली : ठाकर, कातकरी, महादेव कोळी, धनगर यांच्याकडून. यादीवर नाव साहेबाचं आलं, पण करवंदाला करवंद आणि कुंभ्याला कुंभा कुणी म्हटलं होतं, हे विसरून चालणार नाही.

कुकचा ग्रंथ आजही वापरात आहे, इतका तो पक्का. पण सगळ्या इलाख्याचा, म्हणजे पार सिंधपासून कारवारपर्यंतचा, पसारा त्यात कोंबलेला. सांतापाव यांनी उलट केलं. एक खंडाळा घेतला आणि तो नीट पाहिला. यात मोठी गंमत आहे. मोठ्या ग्रंथात एखादं झाड घाटात सर्वत्र आढळतं असं म्हटलं की संपलं. लहान जागेचा अभ्यास करणाऱ्याला तसं लिहून सुटता येत नाही. कड्यावर की पठारावर, झाडीत की उघड्यावर, कुठल्या महिन्यात, हे सगळं सांगावं लागतं. नावं तपासताना मूळ नमुन्यापर्यंत जावं लागतं, कारण एकाच झाडाला तिघांनी तीन नावं दिलेली असतात आणि कधी कधी एका नावाखाली तीन झाडं दडलेली असतात. क्यूमध्ये घालवलेली वर्षं फादरना इथे उपयोगी पडली.

खंडाळ्याचं पुस्तक १९५३ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या ग्रंथमालेत निघालं. पुढे त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्याही निघाल्या, तिसरी १९६७ साली. कादंबरीसारखं वाचायचं हे पुस्तक नव्हे, हे आधीच सांगतो. एकामागून एक नोंदी. अंजनी, हिरडा, जांभूळ, कुंभा, ऐन, सोनकी, कवला, कळलावी. परंतु ज्याने पावसाळ्यात नागफणीची किंवा राजमाचीची वाट तुडवली आहे त्याला त्या कोरड्या नोंदींतूनही ओला डोंगर दिसायला लागतो.

सगळ्या झाडांत फादरचा विशेष जीव कुणावर होता असं विचारलं, तर मी कारवीचं नाव घेईन. अडुळसा ज्या कुळात येतो त्याच कुळातली ही. या कुळाच्या मुंबई भागातल्या वनस्पतींवर त्यांनी १९५१ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कारवी आपल्या परिचयाची आहे. मावळातल्या जुन्या घरांचे कुड कारवीच्या काठ्यांचे, वरून शेणमातीने लिंपलेले. तिची फुलं पाहायला मात्र नशीब लागतं, कारण ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. आणि फुलते ती एकटीदुकटी नाही, डोंगरचे डोंगर एकदम जांभळे होतात. मुंबईच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ साली असा फुलोरा आला होता. एकदा फुलून बी धरलं की ते झाड मरून जातं. वाळलेली बोंडं पुढच्या पावसापर्यंत तशीच काडीवर राहतात. पहिल्या सरींनी भिजली की तडतडून फुटतात आणि बी लांब उडतं. तेही नेमकं रुजायला योग्य वेळी!

आपल्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षं झाली. कारवीच्या हिशेबाने मोजलं तर फार तर तीन-चार फुलोरे. हा हिशेब मांडला म्हणजे फादरच्या कामाला किती चिकाटी लागली असेल ते कळतं. असल्या झाडाचा अभ्यास करणाऱ्याला हयातीत तो सोहळा मोजून चार-पाच वेळा दिसणार. मध्ये एक वर्ष आजारी पडलात किंवा बदली झाली, की पुढच्या संधीसाठी सात वर्षं थांबा. सांतापाव यांनी कारवीवर्गातल्या झाडांच्या फुलण्याच्या नोंदी १९४० च्या दशकापासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापल्या. १९६२ साली कारवीवर्ग आणि बांबू यांच्या सामुदायिक फुलण्यावर पुन्हा लिहिलं. इतरांच्या नोंदी मागवल्या, वर्षं ताडून पाहिली.

आता हे असं का? दर वर्षी थोडं थोडं फुलायचं सोडून आठ वर्षं वाट पाहायची आणि मग सगळ्यांनी मिळून एकदाच फुलून मरायचं, यात झाडाचा फायदा काय? इथे उत्क्रांतीचा विचार येतो. शास्त्रज्ञ एक स्पष्टीकरण देतात ते असं. बी खाणारे पुष्कळ असतात : उंदीर, पाखरं, किडे. दर वर्षी थोडं बी पडलं तर ते सगळं फस्त करतील. पण सात-आठ वर्षं काहीच मिळालं नाही तर त्यांची संख्या त्या बियांच्या भरवशावर वाढू शकत नाही, आणि मग एके वर्षी अचानक इतकं बी पडतं की खाऊन खाऊन थकले तरी उरतंच. ज्या एखाद्या झाडाने चुकीच्या वर्षी एकट्यानेच फुलायचं ठरवलं, त्याचं बी सगळं खाल्लं जाणार, त्याचा वंश खुंटणार. म्हणजे पंगतीत सगळ्यांबरोबर बसेल तोच टिकेल. असं पिढ्यान्‌पिढ्या होत गेलं की सगळ्यांची घड्याळं जुळतात. निलगिरीतली नीलकुरिंजी ही कारवीची भाऊबंद, तिचं घड्याळ बारा वर्षांचं. बांबूच्या काही जातींचं तर त्याहूनही मोठं. असा सिद्धांत कुणीही मांडो, त्याला आधार लागतो तो साध्या तारखांचा. अमुक डोंगरावर अमुक साली फुललं, एवढंच लिहिणारा माणूस लागतो. फादर सांतापाव तो माणूस होते.

कारवीच्या नावाचीही एक कथा आहे. १९४४ साली ब्रेमेकांप नावाच्या डच शास्त्रज्ञाने कारवी आणि तिच्या भाऊबंदांच्या मोठ्या प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, पुष्कळ तुकडे केले. आपल्या कारवीला तर त्याने कार्विया असं घरचंच नाव देऊन टाकलं. पुढे तुलना जास्त बारकाईने होत गेली तेव्हा हे तुकडे काही टिकले नाहीत, आणि कारवी पुन्हा जुन्या स्ट्रोबिलँथस या नावाखाली गेली. सामान्य माणूस म्हणतो, हे शास्त्रज्ञ सारखी नावं का बदलतात? पण नाव म्हणजे इथे आडनाव आहे. कोण कुणाच्या घराण्यातलं, कुणाचा पूर्वज एक, हे कळत जाईल तसं आडनाव बदलणारच. जुने फ्लोरा बेंथॅम आणि हूकर यांच्या पद्धतीने लावलेले असत. यांतला हूकर हा डार्विनचा जिवलग मित्र, तरीही ती मांडणी वंशावळीची नव्हती, ओळखायला सोयीची अशी होती. वंशावळ नंतर, रंगसूत्रं आणि पुढे डीएनए तपासता आल्यावर, हळूहळू भरत गेली.

रंगसूत्रांवरून आठवलं. फादरच्या आयुष्यातला एक भाग जरा नाजूक आहे, तो गाळला तर चरित्र खोटं होईल. स्वातंत्र्यानंतर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची, म्हणजे बीएसआयची, अवस्था वाईट होती. १८९० साली स्थापन झालेली संस्था, पण माणसं नाहीत, काम थंडावलेलं. तिची पुनर्रचना करण्यासाठी पंडित नेहरूंच्या सरकारने डॉ. जानकी अम्मल यांना इंग्लंडहून बोलावून घेतलं. रंगसूत्रांच्या अभ्यासातलं हे जगभर गाजलेलं नाव. लागवडीच्या वनस्पतींच्या रंगसूत्रांवरचा त्यांचा आणि डार्लिंग्टन यांचा ग्रंथ १९४५ साली निघाला होता. त्यांनी आराखडा केला. परंतु संस्थेचं नेतृत्व १९५० च्या दशकाच्या मध्यात आलं ते फादर सांतापाव यांच्याकडे. जानकी अम्मल यांना हे लागलं. भारतीय वनस्पतींचा अभ्यास आता भारतीय दृष्टीने व्हावा, असं त्यांना वाटत होतं आणि क्यूच्या तालमीत तयार झालेला युरोपीय माणूस आणणं म्हणजे जुनीच रीत पुढे चालवणं, असा त्यांचा आक्षेप होता.

मला वाटतं, त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. एका कर्तबगार भारतीय बाईंना डावललं गेलं, असं आजही कुणाला वाटलं तर त्यात नवल नाही. दुसरी बाजूही आहे. सांतापाव तोवर इथेच रुजले होते. त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं, आणि १९२८ साली ज्या देशात आले तिथेच शेवटपर्यंत राहिले. आणि त्यांनी संस्था खरोखर उभी केली. पुणे, कोइमतूर, शिलाँग, डेहराडून इथे विभागीय केंद्रं सुरू झाली. पुण्याचं केंद्र १९५५ सालचं. भारतीय तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ मोठ्या संख्येने रानात उतरले. १९५८ साली कुकच्या ग्रंथाचं पुनर्मुद्रण झालं, १९५९ पासून संस्थेची पत्रिका निघू लागली. रंगसूत्रं मोजणारे आणि वाळलेली पानं जमवणारे यांचं भांडण खरं तर लटकं आहे. कुठल्या झाडाची रंगसूत्रं मोजली हेच नक्की नसेल तर त्या आकड्याला काय अर्थ?

बीएसआयच्या कामानिमित्त फादर कलकत्त्याला गेले. तिथे शिबपूरच्या उद्यानात एक खजिना होता. विल्यम रॉक्सबर्ग हे १७९३ ते १८१३ या काळात तिथले प्रमुख. त्यांनी भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक रंगीत चित्रं काढून घेतली होती. पानाची शीर, फुलाचा उभा छेद, बियांचा आकार, सगळं बारकाईने. वाळवलेल्या झाडाचा रंग जातो. कारवीचं जांभळं फूल कागदात दाबलं की काही दिवसांत तपकिरी होतं. चित्रात तो रंग टिकतो, आणि चित्रकार दहा फुलं पाहून त्यांतलं सर्वसाधारण रूप उतरवू शकतो. म्हणून नमुना आणि चित्र, दोन्ही लागतात. फादर संस्थेत असतानाच, १९६४ पासून, रॉक्सबर्गची ही चित्रं भागाभागाने छापून प्रसिद्ध व्हायला लागली. दीडशे वर्षांहून अधिक काळ जी कपाटात होती ती अभ्यासकांच्या टेबलावर आली.

चित्रांचा विषय निघालाच आहे तर जाता जाता एक सांगतो. आपल्या लोणावळा-पुणे लोकलला दापोडी स्टेशन लागतं ना, तिथे १८२८ सालापासून सरकारी वनस्पती उद्यान होतं. साहेब लोक त्याला दापुरी म्हणत. १८४० च्या दशकाच्या अखेरीस तिथले प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांनी उद्यानातल्या झाडांची सुमारे पावणेदोनशे चित्रं काढून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या उद्यानात आहेत, आणि त्यांवर तिथे सुंदर पुस्तकही निघालंय. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढी नोंद आहे, नाव नाही. झाडाचं नाव लॅटिनमध्ये दोन शब्दांत, पुढे नाव देणाऱ्याचं नाव, आणि ज्याने ते झाड डोळ्यांपुढे उभं केलं तो अनामिक. रोज त्या स्टेशनावरून जाणाऱ्यांना हे माहीत असावं म्हणून लिहिलं.

फादरची बाकीची कामं भराभर सांगतो, कारण यादी मोठी आहे. पुरंदर किल्ल्याच्या वनस्पतींवर त्यांचं पुस्तक आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं दुसरं. सौराष्ट्राच्या वनस्पतींवर आहे. इराणी यांच्याबरोबर रुई आणि कंदीलपुष्पांच्या कुळावर, कापडिया यांच्याबरोबर मुंबई भागातल्या ऑर्किडवर. सलीम अली यांच्यासोबत ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलचे संपादक होते. सामान्य वाचकांसाठी नॅशनल बुक ट्रस्टने १९६६ साली त्यांचं नेहमीच्या झाडांवरचं छोटं पुस्तक काढलं. ज्यांना एवढी शास्त्रीय कटकट नको त्यांनी ते जरूर मिळवावं. आपल्या आवारातली निम्मी झाडं त्यात सापडतील. १९६७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. स्पेननेही गौरव केला. १३ जानेवारी १९७० रोजी ते वारले. वय सहासष्ट. भारतातल्या सपुष्प वनस्पतींच्या नावांचा कोश त्यांनी हेन्री यांच्याबरोबर केला होता, तो १९७३ साली, त्यांच्या मागे, छापून आला.

हे सगळं आपल्या स्मरणिकेत कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर मी आपल्या कुंपणाच्या भिंतीपलीकडच्या उतारावरून देतो. तिथे कारवी आहे, अंजनी आहे, चार-दोन कुंभे आहेत. जंगल माजलंय, साप येतात, सगळं साफ करून पेव्हर ब्लॉक टाकू आणि शोभेचे पाम लावू, असा विषय सर्वसाधारण सभेत एकदा येऊन गेला आहे आणि पुन्हा येईल. सापाची भीती खोटी नाही, लहान मुलं खेळतात, त्याची व्यवस्था करायलाच हवी. पण ठराव करण्याआधी तिथे काय आहे ते बघू या, एवढीच विनंती. सत्तर वर्षांपूर्वी एका माणसाने या डोंगरावर काय काय उगवतं ते लिहून ठेवलं. त्यानंतर एक्स्प्रेस वे आला, पठारांवर बंगले आले, आपणही आलो. आज कुणी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी खंडाळ्याला येतो तेव्हा तीच जुनी यादी हातात घेऊन फिरतो आणि एकेका नावापुढे खूण करतो : आहे, आहे, दिसत नाही. यादी नसती तर काय हरवलं हे कळायलाही मार्ग नव्हता. रिकाम्या पठाराकडे बघून आपण म्हटलं असतं, इथे पहिल्यापासून गवतच होतं.

आपल्यातल्या दहावी-बारावीच्या मुलांना सुचवावंसं वाटतं, की या उताराची एक वर्षभराची यादी तुम्ही करा. वही पुरे. झाडाचं नाव माहीत नसेल तर चित्र काढा, फोटो काढा, तारीख लिहा. नावं सांगायला आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आणि माळीदादा आहेत. त्यांना आपल्या सगळ्यांहून जास्त झाडं ओळखू येतात. फादरनी वाळवलेले नमुने मुंबईला झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये आहेत, आणि पुण्याला कोरेगाव रस्त्यावर बीएसआयचं केंद्र आहे.

फादरच्या नावाचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. १९६० च्या दशकात दोन भारतीय शास्त्रज्ञांनी कारवीच्याच कुळातल्या एका नव्या प्रजातीला सांतापौआ असं नाव दिलं होतं. नंतर अभ्यासाअंती ती वेगळी नाही असं ठरलं आणि तिला हायग्रोफिला या प्रजातीत घातलं. काष्ठौषधीच्या दुकानात आपण तालिमखाना मागतो ना, त्याच घराण्यात. मात्र कंदीलपुष्पाच्या एका जातीला १९६० च्या दशकातच दिलेलं त्यांचं नाव, सेरोपेजिया सांतापौई, ग्रंथांतून अजून तसंच आहे.